कोऱ्या चार मात्रा

गुरुवारी ड्यूटी संपली की
मनामाच्या चर्चमागच्या हॉलमध्ये आम्ही नावं पाठ करतो.
एसीला घरघर आहे; अकिन्यी सूर त्याच्याच पट्टीत लावते.
नैरोबीची बाई, शाळेत संगीत शिकवते,
कुणी चुकलं की पेन्सिल दातांत धरते.

अल्टोत आम्ही पाच. दोघी इलोइलोच्या नर्स,
एक मंगळूरची, एक घानाची,
आणि मी, रूथ भिंगारदिवे, अहमदनगर, ईसीजी टेक्निशियन.
दिवसभर लोकांची काळजं कागदावर काढते,
रात्री हे:

याकूत. अल्मास. मर्जान. फैरूज.
माणिक, हिरा, पोवळं, पिरोजा.
झांझिबारच्या बाजूने गलबतांत कोंबून आणलेली पोरं.
उतरवली, मोजली, दात पाहिले,
आणि मालकांनी नावं ठेवली जवाहिरांची.
मग नाकाला चिमटा, पायाला दगड,
आणि हिरा दोरीने खाली सोडला
मोती आणायला.
वर यायला उशीर झाला
तर वहीत मांडायची दोरीची किंमत.

गोड म्हणू नका, अकिन्यी सांगते.
हाक मारा. जेवायला बोलावतात तशी.

आमच्याकडे उलटं.
माझ्या पणज्याचं नाव कचरू, त्याच्या भावाचं दगडू.
पोर जगावं म्हणून ठेवतात, वडील म्हणायचे.
पाटलालाही पोर जगायला हवंच असणार.
त्याचं नाव माणिकराव होतं.

बासच्या खुर्च्यांमागे जमिनीवर जासिम बसतो,
मुहर्रकचा, सत्तरीचा, अल्मासचा नातू.
त्याला कागद वाचता येत नाही आमचा.
मांडीत जहला, म्हणजे मातीचं मडकंच,
तोंडावर तळवा मारतो
आणि घशातून असा खर्ज काढतो
की खुर्चीचे पाय थरथरतात.
पाण्याखालून मोठा मासा असाच बोलतो म्हणे.

ते मडकं पाहिलं की माझा हात गळ्याशी जातो.
थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून बांधायचे, ते.
मी पाहिलं नाही. वडिलांनीही नाही.
हात जातो.

पान सात, चौतिसावी ओळ.
तिथे नाव नाही, चार मात्रांची विश्रांती आहे.
जुन्या नोंदीत एवढंच:
मुलगा, वय बाराच्या आसपास, विचारलं नाही.
तालमीत तिथे आम्ही पानं उलटायचो, खोकून घ्यायचो.

कार्यक्रम मुहर्रकला, पाणबुड्यांच्या जुन्या घरात.
प्रवाळाच्या भिंती, प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासात कॉफी,
पुढे तीन पोरं खजुराच्या बिया एकमेकांना मारत.
चौतिसावी ओळ आली. आम्ही थांबलो.
जासिम थांबला नाही.
खर्ज चालूच. अकिन्यीचा हात वर, वरच राहिला.
चारच्या आठ झाल्या, आठच्या कितीतरी;
मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने
अबायाच्या आतून तोच सूर धरला,
मग तिच्या शेजारणीने.

माझ्या तोंडात एक नाव आलं होतं.
गिळलं.
त्या पोराची जागा ती. त्याच्यावर आणखी ओझं कशाला.

नंतर खुर्च्या रचताना जासिमने विचारलं,
हिला तुमच्यात काय म्हणतात?
मडकं.
मदका, तो म्हणाला. पुन्हा, मदका.
ड काही त्याच्या जिभेला वळेना. दोघंही हसलो.

मग विचारलं नव्हतं तरी मी सांगितलं, कचरू.
अर्थ विचारेल म्हणून तयारीत होते.

त्याने मडकं उचललं, तोंडाशी नेलं,
आणि आत हाक मारली.
च नीट जमला त्याला.